नाकासमोरचे नाना

आपल्याच गाडीला जळका वास येतोय हे कबूल करायला माणसाला साधारण चार दिवस लागतात. पहिल्या दिवशी कुणीतरी कचरा जाळत असतं. दुसऱ्या दिवशी शेजारी लावलेल्या गाडीकडे आपण जरा सहानुभूतीने बघतो. तिसऱ्या दिवशी ऊनच फार असतं. चौथ्या दिवशी बायको मागच्या दारातून भाजीची पिशवी काढता काढता म्हणते, ‘‘अहो, हा आपल्याच गाडीचा आहे,’’ आणि मग इलाज उरत नाही.

आमच्या सोसायटीत हे चार दिवस मिळत नाहीत, कारण आमच्याकडे नाना आहेत.

नानांची गॅलरी पहिल्या मजल्यावर, बरोबर गेटच्या डोक्यावर. आत येणारी प्रत्येक गाडी त्यांच्या पायाखालून जाते. तुम्ही गाडी लावून हँडब्रेक ओढेपर्यंत जिन्यात चपलांचा फटक फटक आवाज येतो आणि पांढरा लेंगा, बाह्यांचा बनियन, खांद्यावर पंचा अशी मूर्ती खांबाआडून प्रकट होते. एका हातात टॉर्च. दुसऱ्या हातात दाढीचा जुना गोल आरसा, लाकडी फूटपट्टीला सुतळीने बांधलेला. गाडीखाली बघायला. गुडघ्यांचं वय चौऱ्याहत्तर असल्यामुळे वाकण्याचं काम आरशाकडे दिलेलं आहे.

‘‘थांब. बंद करू नकोस,’’ नाना म्हणतात. मान तिरकी करून अर्धा मिनिट उभे राहतात. ‘‘हं. आता कर बंद.’’

मग प्रदक्षिणा. पुढचं डावं चाक, मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं उजवं. प्रत्येक चाकाशी हात नेतात, टेकवत नाहीत. आरतीवरून हात फिरवावा तसा फिरवतात आणि पुढे सरकतात. मग बॉनेट. तोवर वॉचमन आलेला असतो, खेळणारी दोन पोरं आलेली असतात, आणि ज्याची गाडी असते तो ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकासारखा उभा असतो.

नानांनी आयुष्यात चारचाकी घेतली नाही. त्यांच्याकडे ल्यूना होती, ती अजून जिन्याखाली आहे, आणि तिच्या सीटवर मांजर झोपतं. चारचाकीचं लायसन्सही नाही. हे कुणीतरी एकदा तोंडावर बोलून दाखवलं, तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, ‘‘डॉक्टरला कुठे सगळे आजार झालेले असतात?’’

नोकरी सरकारी धान्य गोदामात झाली. पोत्यात पोकळ टोकदार नळी खुपसायची, मूठभर गहू काढायचा, नाकाशी न्यायचा आणि सांगायचं, ओल लागलीय की नाही. बत्तीस वर्षं हे केलं. निवृत्त झाल्यावर नाकाला काम उरलं नाही. शेजारी गाड्या घेत होते. पुढचं ओघानेच आलं.

त्यांचा पहिला पराक्रम म्हणजे तीनशे एकची नवी गाडी. (आमच्याकडे माणसांना आडनावं आहेत, पण ती फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर वापरतात.) गाडी घेऊन आठ दिवस झालेले, आणि प्लॅस्टिक जळल्याचा घाण वास. तीनशे एक कंपनीला पत्र लिहायच्या बेतात होते. नाना म्हणाले, ‘‘आज मंडईतून आलात का?’’ आले होते. नानांनी आरसा खाली सरकवला. सायलेन्सरच्या नळीला एक हिरवी कॅरीबॅग चिकटून वितळली होती, अर्धवट ‘धन्यवाद’ अजून वाचता येत होतं. नळी गार होईस्तोवर कुणाला हात लावू दिला नाही. मग वरून नानींचा लाकडी कालथा मागवला आणि खरवडून काढली. तो कालथा स्वयंपाकघरात परत गेला नाही. नानींनी तो विषय नंतर पाच-सहा वर्षं तरी तापता ठेवला होता.

तिथून नानांचं शास्त्र सुरू झालं. त्यात इंग्रजी शब्द कमी आणि फोडणी जास्त. नाना म्हणतात, गाडीला येणारे वास स्वयंपाकघरात आधीच आलेले असतात, आपण त्यांना ओळख दाखवत नाही एवढंच. शेगडीवर वर्तमानपत्राचा कोपरा पेटून विझावा तसा जळक्या कागदाचा वास आला की क्लचप्लेट. सकाळचंच तेल संध्याकाळी परत तापवून भजी तळल्यासारखा आला की इंजिनचं ऑइल कुठून तरी झिरपून गरम एक्झॉस्टवर पडतंय. गुळाचा पाक चढल्यासारखा गोडसर वास आला की कूलंट. ‘‘गोड वासाला भुलायचं नाही,’’ इथे नाना बोट वर करतात. ‘‘आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कुकरची शिट्टी तू हाताने काढतोस का?’’ बेल्ट घसरत असेल तर कुकरचीच रिंग जळाल्यासारखा रबरी वास. ब्रेक तापला की गरम इस्त्रीखाली सतरंजी राहिल्याचा.

सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीला पहिल्या दिवशी जळका वास आला तर नाना चाकांकडे जातच नाहीत. थेट बॉनेट उघडायला लावतात. हात पुसायचं फडकं इंजिनवर विसरणं ही आपल्याकडची परंपरा आहे, आणि नानांच्या संग्रहात अशी चार फडकी आहेत. पाचवं फडकं नव्हतं, ते उंदराने जमवलेलं घरटं होतं. त्यात सुका पाला, कापूस आणि सोसायटीच्या नोटिशीचा एक तुकडा. थकबाकीदारांच्या यादीचा.

पण नानांची खरी करामत गाडीत नव्हती. ते वासावरून गाडीचं निदान करून थांबत नसत, माणसापर्यंत जात. चारशे दोनच्या गाडीला दर पावसाळ्याच्या तोंडाला जळक्या कागदाचा वास यायचा, आणि दोन वर्षांत दोन क्लचप्लेट झाल्या. गॅरेजवाला म्हणाला, पार्ट डुप्लिकेट असेल. नाना चारशे दोनला म्हणाले, ‘‘वास गाडीचा नाही. तुमच्या डाव्या पायाचा आहे.’’

चारशे दोन दुखावले. त्यांनी खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

‘‘तुम्ही क्लचवर पाय ठेवून बसता. दाबत नाही, नुसता ठेवता. प्लेट पूर्ण चिकटत नाही आणि सुटतही नाही, घसरत राहते. शेजारी डावा पाय टेकवायला जागा दिली आहे, ती काय शोभेला? आणि चांदणी चौकाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी हाफ क्लचवर तोलून धरता. हँडब्रेक ओढायला काय होतं? सुटेल की काय अशी धास्ती वाटते. होय ना? ऑफिसमध्येही फाईल पूर्ण सोडत नसाल हातातून.’’

चारशे दोन काही बोलले नाहीत. पण त्यांच्या सौभाग्यवती मागे उभ्या होत्या, आणि त्या इतक्या जोरात ‘‘अगदी!’’ म्हणाल्या की सी विंगमधली एक खिडकी उघडली. त्यानंतर चारशे दोनची क्लचप्लेट टिकली. फाईलचं माहीत नाही.

दोनशे तीन एका रात्री बाणेरहून हँडब्रेक न सोडताच घरी आले. मागच्या दोन्ही चाकांतून धूर. सतरंजीचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत. दोनशे तीन घाबरून नळाची बादली घेऊन धावले तसे नाना आडवे आले. ‘‘पाणी नाही! तापलेल्या काचेच्या ग्लासवर गार पाणी ओतता का? लोखंड वाकडं होईल, तडकेल. गाडी मोकळ्यावर घ्या, गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा, हँडब्रेक सोडून द्या. आपोआप गार होईल.’’ झालं तसंच. मग सगळे गेल्यावर नाना मला हळूच म्हणाले, ‘‘बारा किलोमीटर समोरचा लाल दिवा दिसला नाही म्हणजे घरी काहीतरी झालंय रे. उद्या चहाला बोलव त्याला.’’ मी बोलावलं. झालं होतं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नंतर नंतर नानांनी स्वतः नाक लावणं जवळपास सोडलंच. बॉनेट उघडलं की बाजूला व्हायचे आणि गाडीच्या मालकाला पुढे ढकलायचे. ‘‘मला काय विचारतोस? नाक तुलाही दिलंय. घे वास आणि सांग, स्वयंपाकघरातला कुठला?’’ माणूस गोंधळून म्हणायचा, ‘‘जळका.’’ ‘‘जळका हा वास नाही, ती तक्रार आहे. दूध करपलेलं की कागद? तेल की गूळ?’’ आम्हांला वाटलं, मोठे गवई उतारवयात शिष्याला गायला लावून स्वतः तानपुरा धरतात, त्यातलाच हा प्रकार. आणि खरं सांगायचं तर आमची नाकं सुधारली. आता तीनशे एकसुद्धा लिफ्टमध्ये ‘‘आज गोडसर आहे’’ असं बोलून जातात, आणि लिफ्टमधल्या पाहुण्यांचा गैरसमज होतो.

शाकाहारी माणसाच्या शास्त्राला एक मर्यादा असते, ती एका रात्री उघडी पडली. दोनशे चारच्या मुलाने हेडलाइटला जादा उजेडाचे बल्ब बसवून आणले होते. मूळचे साठ-पंचावन्न वॉटचे काढून शंभर-नव्वदचे. रात्री लोणावळ्याहून आला तो नाकाला रुमाल लावूनच. नानांनी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘‘कसला?’’ पोरगा म्हणाला, ‘‘नाही सांगता येत. पण वाईट आहे.’’ नाना क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘‘हा माझ्या अभ्यासक्रमातला दिसत नाही. बी विंगच्या काकूंना बोलवा.’’

काकू मालवणच्या. गाऊनवर ओढणी टाकून खाली आल्या, बॉनेटवर वाकल्या आणि एका श्वासात निकाल दिला. ‘‘ताजो नाय. सुको बांगडो!’’

नानांचा चेहरा एकदम बदलला. गंमत संपली. ‘‘किल्ली काढ. सगळे दूर व्हा. बॅटरीचं काळं टर्मिनल सोडव आधी.’’ पोराने पाना आणला, टर्मिनल सोडवलं, मग टॉर्च. डाव्या हेडलाइटच्या मागचं प्लॅस्टिकचं होल्डर तपकिरी होऊन लोण्यासारखं खचलं होतं, आणि त्यातून निघणारी वायर हाताने दाबली तर कुरकुरीत लागत होती. विजेच्या सामानातलं काही जातीचं प्लॅस्टिक तापलं की मासळीसारखा वास सोडतं. जाडी साठ वॉटची आणि भार शंभरचा, वायर तरी काय करील? नाना पोराला रागावले नाहीत. रिले आणि जाड वायर टाकल्याशिवाय असले बल्ब लावायचे नाहीत एवढं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, ‘‘उजेड कमी पडत असेल तर वेग कमी कर.’’ काकूंचा मात्र त्या दिवसापासून सल्लागार मंडळात समावेश झाला.

असं गंभीर होणं नानांना दोनच वेळा येतं. एक वायर, दुसरं कच्चं पेट्रोल. पेट्रोलचा भपकारा आला असं कुणी म्हटलं की शास्त्र नाही, उपमा नाही, स्वयंपाकघर नाही. इंजिन बंद, माणसं बाहेर, पोरं लांब. आणि बॉनेटमधून धूर येत असेल तर ते भसकन उघडायचं नाही, आत हवा गेली की भडका उडतो. हे त्यांनी सोसायटीच्या फलकावर स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून लावलंय. पाण्याच्या वेळापत्रकापेक्षा वर.

आता नाना चुकत नाहीत असं नाही. एका होळीला संध्याकाळी कुणीतरी ओरडलं, ‘‘जळतंय, जळतंय!’’ नाना खाली आले. ओळीने तीन गाड्यांच्या बारा चाकांपाशी हात नेले, तीन बॉनेटं उघडायला लावली, आरसा घालून तीन पोटं तपासली. अर्धा तास गेला. शेवटी एकशे एकच्या बाई दार उघडून रडवेल्या होऊन म्हणाल्या, ‘‘पुरण लागलं हो बुडाला.’’ वास तिथून इतका येत होता की आमच्यातल्या कुणालाही कळायला हवा होता. पण नाना चाकाशी बसलेले असताना दुसरीकडे वास घेणं आम्हांला उद्धटपणाचं वाटलं.

माझी पाळी आली ती 2022च्या डिसेंबरात. महाबळेश्वरला गेलो होतो. खंबाटकी चढून, वाईवरून पसरणीच्या घाटाने वर. परतीला डिकीत स्ट्रॉबेरीच्या चार पेट्या. घाट उतरून वाईला ढोल्या गणपतीपाशी गाडी लावली आणि जळका वास आला. मी चार दिवसांचा नियम पाळला. आधी म्हटलं घाट उतरलोय, सगळ्यांच्याच गाड्यांना येत असेल. मग म्हटलं स्ट्रॉबेरी. बायको काहीतरी म्हणाली, ते मी ऐकलं नाही.

पुण्याला रात्री उशिरा पोचलो, पाहुणा म्हणून भाचा आलेला. तो इंजिनिअर. त्याने स्टिअरिंगखाली एक छोटी डबी खोचली, फोनवर गाडीची कुंडली काढली आणि म्हणाला, ‘‘मामा, झिरो फॉल्ट.’’ दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेलो. त्यांनी टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय म्हणून सांगितलं, बदललं, साडेतीन हजार घेतले. पॅकिंगमधून तेल झिरपत होतं हेही खोटं नव्हतं. चोर पकडायला पाठवलेल्या हवालदाराने दुसऱ्याच चोराला धरून आणावं तसं झालं. चोर अस्सल, पण चोरी आपली नव्हे. वास होता तिथेच होता.

शेवटी नानांपुढे उभा राहिलो. नाना गावाला गेले होते, ते त्या दिवशीच परतले होते, नाहीतर एवढं लांबलंच नसतं. भाच्याने फोन दाखवला. नाना म्हणाले, ‘‘फोनला नाक नसतं रे बाळा. इंजिनला ताप आला तर तो सांगेल. चाकात काय अडकलंय हे त्याला कोण कळवणार?’’

मग मला तीन प्रश्न. वास चालताना येतो की उभी केल्यावर? उभी केल्यावर. चढावर जास्त की उतारावर? उतारावर आला, पण हल्ली सपाटीवरही. आणि तिसरा, ‘‘सूनबाई काय म्हणाली?’’

‘‘तिचं काय?’’ मी म्हटलं.

‘‘ती शेजारी बसते ना? तिला विचारलंस?’’

बायको मागून म्हणाली, ‘‘नाना, दोन महिने सांगतेय, गाडी डावीकडे ओढते. हे म्हणतात, रस्त्याला उतार आहे.’’

नाना माझ्याकडे फार वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘कर्वे रोडपर्यंत एक चक्कर मारून ये. ब्रेक शक्यतो लावू नकोस. आल्यावर तांब्याभर पाणी आण.’’

मी आलो. तांब्यात बोटं बुडवून नानांनी पुढच्या उजव्या चाकाच्या रिमवर चार थेंब शिंपडले. थेंब ओघळले. मागची दोन्ही चाकं, तेच. पुढच्या डाव्या चाकावर शिंपडले आणि ‘चर्र’ झालं. थेंब नाचले आणि नाहीसे झाले.

‘‘धिरडं टाकायला तापलाय,’’ नाना म्हणाले. ‘‘ब्रेक सुटतच नाहीये. तू पाय काढतोस, तो सोडत नाही. दोन महिने तू एक चाक अर्धवट आवळून गाडी हाकतोयस आणि इंजिन बिचारं ओढतंय. ॲव्हरेजही कमी झालं असेल. झालं ना? मला म्हणालास, पेट्रोलमध्ये भेसळ आहे.’’

तसं म्हणालो होतो.

पुढे त्यांनी मला उभ्या उभ्या अजून एक गोष्ट ऐकवली, ती आठवली की अजून पोटात गोळा येतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. साध्या डॉट-3 जातीचं नवं तेल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हाच आकडा 140 पर्यंत उतरू शकतो. घाटात एक चाक असं तापत राहिलं आणि तेल उकळलं तर नळीत बुडबुडे होतात. पेडल दाबलं की बुडबुडेच दबतात, पॅड नाही. पाय नुसता खाली जातो. ‘‘पसरणीला वळणं किती आहेत?’’ नानांनी विचारलं. मी मोजली नव्हती. ‘‘बरं झालं,’’ नाना म्हणाले.

सकाळी आम्ही दोघं नाक्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीने जॅक लावला. उजवं चाक हाताने टिचकी मारल्यासारखं फिरलं. डाव्याला दोन हात लावावे लागले. चाक काढलं, कॅलिपर उघडलं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतं त्यांतली एक गुळगुळीत निघाली. दुसरी येईना. पक्कड, हातोडी, तेल, शिव्या. निघाली ती गंजून तांबडी झालेली. तिच्यावरची रबराची टोपी फाटली होती, आत पावसाचं पाणी गेलं होतं. आतल्या बाजूच्या पॅडचं अस्तर संपून पत्रा उघडा पडायला आला होता, बाहेरचा निम्मा शिल्लक. एकाच घरात एकाने राबायचं आणि दुसऱ्याने नाही, त्यातला प्रकार.

मिस्त्रीने पिन पॉलिश पेपरने घासली आणि डब्यातलं काळं ग्रीस बोटावर घेतलं. नाना खुर्चीतून उठले. ‘‘ते नको. ते तापलं की घट्ट होतं, आणि रबर फुगवतं. ब्रेकचं वेगळं येतं. नसेल तर हा आणेल.’’ मी स्कूटरवरून जाऊन आणलं. नव्या रबरी टोप्या, दोन्ही बाजूंचे नवे पॅड, ब्रेक ऑइलही बदललं. मिस्त्रीने हात पुसले तेव्हा फडकं कुठे ठेवलं हे नानांनी बघून घेतलं.

संध्याकाळी सिंहगड रोडला जाऊन आलो. पार्किंगमध्ये नाना तांब्या घेऊन उभेच. चारही चाकांवर थेंब ओघळले. मग चाकांपाशी हात नेले. ‘‘सारखी कोमट,’’ ते म्हणाले. ‘‘पंगतीत सगळ्यांना सारखंच वाढलेलं असावं.’’ नव्या पॅडांचा किंचित वास पहिले दोनेक दिवस येतो, त्याला भ्यायचं नाही, असंही सांगितलं. आणि जाता जाता, ‘‘सूनबाईला स्ट्रॉबेरी खाऊ घातलीस का?’’

मध्यंतरी पाचशे एकने विजेवरची गाडी घेतली. पेढे वाटले. नाना खाली उतरले, आरसा घेऊन गाडीभोवती फिरले. क्लच नाही, ऑइल नाही, सायलेन्सरच नाही, मग कॅरीबॅग चिकटणार कशाला? ब्रेकही फारसे तापत नाहीत, वेग कमी होताना मोटरच वीज परत घेते. गाडी आली ती आवाजही न करता. नाना पेढा हातात धरून म्हणाले, ‘‘चांगली आहे हो. पण हिला स्वभावच नाही.’’

गेल्या कोजागिरीला गच्चीवर दूध होतं. पंचवीस लिटरचं पातेलं, आचाऱ्याचा सहायक ढवळताना फोनवर बोलत राहिला, आणि दूध करपलं. थोडंथोडकं नाही, चांगलं सपाटून करपलं. केशर, वेलदोडे, जायफळ, सगळ्यांना पुरून उरलं. चंद्र वर आला होता, आणि खाली पन्नास माणसं ओठाला पेला लावून विनयाने उभी होती. चारशे दोन कुंडीच्या दिशेने हळूहळू सरकत होते. काकू स्पष्टपणे ‘‘शी’’ म्हणाल्या.

नानांनी पेला संपवला. ‘‘झकास झालंय,’’ ते म्हणाले, आणि दुसरा घेतला.

मी नानींकडे पाहिलं. नानींनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. थोड्या वेळाने त्याच कठड्यापाशी आल्या.

‘‘एप्रिल एकवीस,’’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘‘तो आजार झाला ना, त्यात गेलं नाक. बाकी सगळं परत आलं, ते आलं नाही. घरात गॅस चालू राहिला तरी मलाच बघावं लागतं. कुणाला बोलू नकोस हं.’’

मी पेला हातात घेऊन उभा राहिलो. एप्रिल एकवीस. सुका बांगडा त्यानंतरचा. पुरण त्यानंतरचं. माझं चाक त्यानंतरचं. ‘तुझं नाक लाव’ हेही त्यानंतरचंच. म्हणजे तांब्या, थेंब, हात, आरसा, तिरकी मान आणि सूनबाई काय म्हणाली. बस्स, एवढंच.

खाली गेट वाजलं. एक गाडी आत आली, लागली, दार आपटलं. नानांनी पेला कठड्यावर ठेवला, मान तिरकी केली. ‘‘चल रे,’’ मला म्हणाले. जिन्याने आम्ही उतरलो, ते पुढे, मी मागे. पार्किंगमध्ये अंधार होता आणि गाडी नुकतीच बंद झाल्यामुळे टिक टिक करत होती.

‘‘कसला येतोय?’’ नानांनी टॉर्च लावत विचारलं.

मी नाक वर केलं. ‘‘जळका कागद.’’

‘‘नीट घे.’’

मी नीट घेतला. ‘‘कागदच, नाना.’’

‘‘मग चारशे दोनचा जावई आलेला दिसतो,’’ नाना म्हणाले. ‘‘तोही पाय ठेवूनच बसतो वाटतं.’’